पुन्हा कोण पडणार? चाचणीचं भाकीत तपासायचं कसं

हात असलेली एक खुर्ची, तिच्यापासून ३ मीटरवर जमिनीवर मारलेली खूण आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. म्हातारं माणूस पडण्याचा धोका जोखणारी ही चाचणी एवढ्या सामानात होते. म्हाताऱ्या माणसाला सांगायचं: खुर्चीतून उठा, नेहमीच्या चालीनं खुणेपर्यंत जा, वळा, परत या, बसा. किती सेकंद लागले ते लिहून ठेवायचं. 'टाइम्ड अप अँड गो' हे तिचं पूर्ण नाव, फिजिओथेरपिस्ट मंडळी नुसतं 'टग' म्हणतात. पॉडसियाडलो आणि रिचर्डसन या कॅनडातल्या दोघींनी १९९१ मध्ये ती आजच्या रूपात मांडली.

२००० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासानं या चाचणीला एक रेघ आखून दिली: १३.५ सेकंद. त्याहून जास्त वेळ लागला तर माणूस पडण्याच्या धोक्यात. या रेघेची सेन्सिटिव्हिटी (पडणाऱ्यांना हेरण्याचं प्रमाण) ८७ टक्के आणि स्पेसिफिसिटीही (न पडणाऱ्यांना योग्य सोडण्याचं प्रमाण) ८७ टक्के निघाली. आकडे झकास होते, त्यामुळे रेघ जगभर गेली. मग २०१४ मध्ये, तोवर झालेले बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला. त्याच १३.५ सेकंदांच्या रेघेला आता सेन्सिटिव्हिटी मिळाली ३१ टक्के आणि स्पेसिफिसिटी ७४ टक्के.

चाचणी तीच, रेघ तीच, आणि घसरण एवढी मोठी. कुणी लबाडी केली म्हणून हे घडलं नाही. 'पडणारा माणूस' म्हणजे कोण आणि पडणं मोजायचं कसं, यावर हे आकडे बहुतांशी ठरतात. त्यातून पडणं ही एकदा होऊन संपणारी गोष्ट नाही. ती त्याच माणसाच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडते, आणि अचूकता मोजायच्या आपल्या नेहमीच्या पट्ट्या तिथेच आखूड पडतात.

आधी त्या दोन शब्दांचा अर्थ पाहू. प्रत्यक्ष पडलेल्यांपैकी किती जणांना चाचणीनं आधीच हेरलं होतं, ती सेन्सिटिव्हिटी. न पडलेल्यांपैकी किती जणांना चाचणीनं 'धोका नाही' म्हणून योग्यच सोडून दिलं होतं, ती स्पेसिफिसिटी. जेकब येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञानं हे शब्द १९४७ मध्ये वैद्यकात रुजवले. त्याच्यासमोर होते छातीचे एक्स-रे आणि ते वाचणारे डॉक्टर. तिथे प्रश्न सरळ होता. या माणसाला आज क्षयरोग आहे की नाही? आजार एक तर आहे किंवा नाही, आणि तो आत्ता, या क्षणी आहे.

पडणं तसं नाही. चाचणीच्या दिवशी ते घडलेलंच नसतं. पुढे घडेल की नाही, कधी घडेल, किती वेळा घडेल, हे सगळं उघडं असतं. 'आहे की नाही' यासाठी कापलेली पट्टी आपण 'किती वेळा होईल' या प्रश्नाला लावतो आणि वर उत्तराचे दशांशही मोजतो.

तीस माणसांची गोष्ट

२००० सालच्या त्या अभ्यासात माणसं होती ३०. त्यातली १५ जणं मागच्या ६ महिन्यांत एकदाही पडली नव्हती, उरलेली १५ त्याच काळात २ किंवा जास्त वेळा पडली होती. एकदाच पडलेलं त्यात कुणीच नव्हतं.

इथेच निम्मं उत्तर मिळतं. एका टोकाला ठणठणीत माणसं आणि दुसऱ्या टोकाला वारंवार कोसळणारी, असे दोन गट समोरासमोर उभे केले, तर त्यांच्यात फरक दाखवणं कुठल्याही बऱ्या चाचणीला जमतं. अवघड असतात ती मधली माणसं. एकदा ठेचकाळलेली, थोडी डगमगणारी, चष्म्याचा नंबर वाढला तरी न बदललेली. दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये भरणा त्यांचाच असतो.

दुसरं असं, की ८७ टक्के म्हणजे १५ पैकी १३. आणखी एकाचा निकाल चुकला असता तर तोच आकडा ८० वर आला असता. एका माणसानं ७ टक्क्यांचा फरक पडत असेल, तर त्या टक्केवारीवर किती विसंबायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि तिसरं: ही माणसं आधीच पडलेली होती. चाचणीनं पुढचं काही सांगितलं नाही, मागचं ओळखलं. वारंवार पडलेला माणूस घाबरलेला असतो, जपून चालतो, म्हणून त्याला खुर्चीपासून खुणेपर्यंत वेळ लागतो. हळू चालतो म्हणून पडतो, की पडला म्हणून हळू चालतो, याचा उलगडा अशा मांडणीत होत नाही. अभ्यासकांनी हे काही लपवलं नव्हतं. छोटा, सुरुवातीचा अभ्यास होता तो. पुढे आकडा फिरत राहिला आणि त्याच्या अटी मागे राहिल्या.

आता हे दोन्ही आकडे १००० म्हाताऱ्या माणसांच्या गावाला लावून पाहू. वर्षभरात त्यातली ३०० पडतील असं धरू. हा अंदाज हवेतला नाही. अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या ३३६ जणांवर मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा ३२ टक्के लोक निदान एकदा पडले होते. तो अभ्यास १९८८ मध्ये छापून आला. ८७-८७ हा जोड खरा असता, तर चाचणीनं ३०० पैकी २६१ जणांना हेरलं असतं आणि न पडणाऱ्या ७०० पैकी ९१ जणांना उगाच घाबरवलं असतं. म्हणजे 'धोका आहे' हा शिक्का बसलेल्या ३५२ पैकी ७४ टक्के खरंच पडले असते. हा उपयोगी शिक्का झाला. ३१-७४ चा जोड घेतला तर हेरले जातात ९३, उगाच घाबरतात १८२, आणि शिक्का बसलेल्यांपैकी पडतात ३४ टक्के. चाचणी न करता गावातल्या कुणाकडेही बोट दाखवलं असतं तरी ३० टक्के बरोबर आलं असतं. शिवाय पडणारे २०७ जण 'तुम्हाला काही धोका नाही' हे ऐकून घरी गेले, ते वेगळंच.

पडलं किती, आठवलं किती

चाचणी बरोबर की चूक हे ठरवायला आधी खरं काय घडलं ते कळायला हवं. ते कळणं जितकं सोपं वाटतं तितकं नाही.

पलंगावरून घसरून गादीशीच टेकून बसणं, हे पडणं धरायचं का? भिंतीला धडकून सावरलं तर? चक्कर येऊन कोसळलं तर? आजोबांच्या लेखी 'पडलो' म्हणजे लागलं, रक्त आलं, कुणाला तरी उचलावं लागलं. बाकीचं 'जरा तोल गेला'. या गोंधळावर उपाय म्हणून युरोपातल्या अभ्यासकांच्या एका जाळ्यानं २००५ मध्ये व्याख्या ठरवून दिली: ध्यानीमनी नसताना माणूस जमिनीवर, फरशीवर किंवा आधीपेक्षा खालच्या पातळीवर येऊन टेकला, तर ते पडणं. लागलं की नाही याचा संबंध नाही. त्यांनी हेही सांगितलं की पडल्याची नोंद रोजच्या रोज व्हावी आणि निदान महिन्याकाठी गोळा करावी.

रोजच्या नोंदीचा आग्रह उगाच नव्हता. १९८८ मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात म्हाताऱ्या माणसांचं पडणं वर्षभर नोंदवत नेलं आणि शेवटी त्यांनाच विचारलं. किती मागचं विचारलं त्यानुसार, खात्रीनं पडलेल्यांपैकी १३ ते ३२ टक्के लोकांना आपण पडल्याचंच आठवलं नाही. आपल्याकडे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये 'लासी' या नावानं ४५ च्या पुढच्या ७२,००० हून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली. तिच्यात पडण्याबद्दलचा प्रश्न मागच्या २ वर्षांचा आहे. एवढ्या मोठ्या पाहणीत दुसरं काही शक्य नव्हतं हे मान्य. पण त्या उत्तरांशी ताडून एखाद्या चाचणीची अचूकता काढायची ठरवली, तर चाचणीनं बरोबर हेरलेला माणूस आपलं पडणं विसरला, की ते चाचणीच्या नावावर खोटी चूक म्हणून चढणार. आणि विसरतो कोण? स्मृती विरळ होत चाललेली माणसं, जी पडतातही जास्त. म्हणजे मोजमापातली चूक सगळीकडे सारखी पसरत नाही. जिथे धोका जास्त, तिथेच ती गोळा होते.

एकच चाचणी, तीन अचूकता

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा, १० आजी-आजोबांवर आपण वर्षभर लक्ष ठेवलं. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण आकार खऱ्यासारखा आहे. ५ जण एकदाही पडले नाहीत, ३ जण एकेकदा पडले, एक जण दोनदा पडला आणि एक आजोबा ७ वेळा. पडणं एकूण १२. चाचणीनं वर्षाच्या सुरुवातीला यातल्या त्या ७ वेळा पडणाऱ्या आजोबांना आणि एकदाच पडणाऱ्या एका आजींना हेरलं होतं; बाकीच्या पडणाऱ्यांना सोडून दिलं होतं.

सेन्सिटिव्हिटी किती?

पडलेली माणसं ५, हेरली २. उत्तर ४० टक्के. पण वारंवार पडणारे, म्हणजे दोन किंवा जास्त वेळा पडलेले, दोघेच होते आणि त्यातला एक हेरला गेला. उत्तर ५० टक्के. आणि पडण्याचे प्रसंगच मोजले तर १२ पैकी ८ प्रसंग हेरलेल्या माणसांच्या वाट्याचे होते. उत्तर ६७ टक्के.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. आता उलटं करू. चाचणीनं पडणाऱ्या पाचपैकी चौघांना हेरलं आणि नेमके ते ७ वेळा पडणारे आजोबा सुटले. माणसांच्या हिशोबानं सेन्सिटिव्हिटी ८० टक्के, अहवालात छापायला उत्तम. प्रसंगांच्या हिशोबानं ४२ टक्के. घरच्यांच्या दृष्टीनं पाहिलं तर ही दुसरी चाचणी पहिलीपेक्षा कुचकामी आहे. ज्यांना खरी मदत हवी होती तेच तिच्या हातून निसटले.

म्हणून 'अचूकता ८० टक्के' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कशाच्या ८० टक्के? माणसांच्या की प्रसंगांच्या? एकदा पडलेला आणि सात वेळा पडलेला एकाच रकान्यात टाकला आहे का?

ही दोन माणसं एका रकान्यात बसत नाहीत, याला कारण आहे. एकदा पडणं कुणाच्याही नशिबी येतं. साबणाचं पाणी, पायात आलेली मांजर, दिवे गेलेले असताना ओलांडलेला उंबरठा. धडधाकट माणूसही तिथे आपटतो. पुन्हा पुन्हा पडण्यामागे बहुतेक वेळा शरीरातलंच काही असतं. पायातली ताकद, उठल्यावर उतरणारं ब्लडप्रेशर, झोपेच्या गोळ्या, पार्किन्सन्स, नजर. आधी एकदा पडलेल्या ३२५ जणांवर अमेरिकेत वर्षभर दर आठवड्याला लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास १९८९ मध्ये छापला गेला. त्यात धोक्याची फार तर एक खूण असलेल्यांपैकी १० टक्के लोक दोन किंवा जास्त वेळा पडले, आणि चार किंवा जास्त खुणा असलेल्यांपैकी ६९ टक्के. वारंवार पडणाऱ्याचा अंदाज बांधता येतो. एकदाच पडणाऱ्याचा अंदाज बांधणं म्हणजे बरंचसं मांजर कुठे बसेल याचा अंदाज बांधणं.

देवालाही न चुकणारी चूक

यात नशिबाचा वाटा किती, हे गणितानं काढता येतं आणि मला तरी ते फार बोलकं वाटतं. समजा, एका आजींचा खरा धोका आपल्याला अगदी नेमका कळला: वर्षाला सरासरी एकदा पडणं. चाचणी नको, साक्षात देवानं सांगितलं असं धरू. प्रसंग आपापले, एकमेकांशी संबंध नसलेले असतील, तर अशा १०० आजींपैकी वर्षभरात ३७ एकदाही पडणार नाहीत. ३७ एकदा पडतील आणि २६ जणी दोन किंवा जास्त वेळा.

म्हणजे या सगळ्यांना 'तुम्ही पडाल' असं सांगितलं तर ३७ वेळा देव चुकला असं आपल्या तक्त्यात दिसेल. माहिती पूर्ण होती, चूक प्रश्नाची होती. धोका म्हणजे वेग आहे, आणि त्याला आपण 'हो की नाही' विचारतो. कुठल्याही चाचणीच्या डोक्यावर हे छत असतंच. तिची १०० टक्क्यांशी तुलना करणं तिच्यावर अन्याय आहे.

उलट टोकाचा अन्याय चाचणीच्या बाजूनं होतो. १२ प्रसंग हाताशी आहेत म्हणून १२ पुरावे मिळाले असं समजून गणित करायचं, हा तो प्रकार. त्यातले ७ एकाच माणसाचे आहेत. गावाचं मत घ्यायला निघावं आणि एकाच घराचं दार सात वेळा वाजवावं, तसं ते झालं. उत्तरं सात मिळतात, मत एकच असतं. तरीही अशा हिशोबातून निघालेला आकडा फार नेमका दिसतो, त्याच्या आजूबाजूची अनिश्चितता अगदी अरुंद दाखवली जाते.

प्रसंग काही माणसांभोवती गोळा होतात हे संख्याशास्त्रज्ञांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. ग्रीनवुड आणि यूल या दोघा ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धातल्या दारूगोळा कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचे अपघात मोजले आणि १९२० मध्ये मांडले. अपघात निव्वळ नशिबानं वाटले गेले असते तर जशी विभागणी दिसली असती, तशी ती नव्हती. एकही अपघात न झालेल्या अपेक्षेपेक्षा जास्त होत्या आणि बरेच अपघात झालेल्याही जास्त. प्रत्येकीचा धोका वेगळा आहे असं धरल्यावरच आकडे जुळले. पडण्याच्या अभ्यासांत आज वापरतात ते 'निगेटिव्ह बायनॉमियल' गणित त्याच वाटेवरचं.

मध्येच निघून गेलेली माणसं

वर्षभर लक्ष ठेवायचं म्हटलं तरी सगळे वर्षभर सापडत नाहीत. कुणी लेकीकडे राहायला जातं, कुणी वारतं. ४ महिन्यांत २ वेळा पडून नंतर वारलेल्या माणसाचा वेग वर्षाला ६ इतका होता. त्याला आणि पूर्ण वर्षात २ वेळा पडलेल्याला सारखं मानलं तर सगळ्यात नाजूक माणूस मध्यम धोक्याचा ठरतो. म्हणून प्रसंग नुसते मोजून भागत नाही, ते निरीक्षणाच्या काळानं भागावे लागतात.

त्याहून चमत्कारिक गोष्ट खुब्याच्या हाडाची आहे. चाचणीनं एखाद्याला सर्वांत धोक्याचं ठरवलं, तो पहिल्याच महिन्यात पडला, खुबा मोडला आणि तीन महिने अंथरुणात गेले. अंथरुणातला माणूस पडत नाही. वर्षाअखेर त्याच्या नावावर एकच प्रसंग, आणि नोंदवही सांगते की चाचणीनं धोका फुगवला होता. पहिल्या प्रसंगानं पुढच्यांची शक्यता बदलते, कधी अशी, कधी उलट: पडण्याच्या भीतीनं माणूस घरात बसतो, पायातली ताकद जाते आणि दुसरं पडणं जवळ येतं. पहिलं, दुसरं, तिसरं पडणं क्रमानं वेगवेगळं हाताळणारं गणित १९८१ मध्ये आलं आणि प्रसंग कालरेषेवर एकामागून एक मांडणारी अँडरसन आणि गिल यांची पद्धत १९८२ मध्ये. दोन्ही संगणकात तयार मिळतात. तरीही 'पडला की नाही' या एका रकान्यावर थांबणारे अभ्यास निघतच असतात, कारण ते सोपं आहे.

जोड्या लावून पाहणं

रेघ न आखताही चाचणी जोखता येते. पडलेल्यांतला एक आणि न पडलेल्यांतला एक असे दोघे चिठ्ठी टाकून निवडा. दोघांत जास्त सेकंद कुणाला लागले होते? पडलेल्याला, तर चाचणीला एक गुण. अशा सगळ्या जोड्या तपासून गुणांचं प्रमाण काढलं की मिळतो तो एयूसी. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे परिपूर्ण. १९८२ मध्ये फ्रँक हॅरेल आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिल टेस्टचा उपयोग तपासताना हीच कल्पना काळाशी जोडली: दोघांपैकी आधी घटना कुणाच्या बाबतीत घडली? त्याला सी-इंडेक्स म्हणतात.

पुन्हा पुन्हा घडणाऱ्या प्रसंगांसाठी हाच प्रश्न थोडा वाकवावा लागतो. दोन माणसं घ्या, दोघांवर लक्ष होतं तेवढाच सामाईक काळ धरा आणि विचारा, त्या काळात जास्त वेळा कोण पडलं? आता तीनदा पडलेला विरुद्ध एकदा पडलेला ही जोडीही मोजली जाते. 'हो-नाही'च्या तक्त्यात ती फुकट जात होती, कारण दोघेही 'हो' होते. डायलिसिसवरचे रुग्ण पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होतात, त्यांच्यावर असा सी-इंडेक्स लावून पाहिलेला आहे.

याचंही एक दुखणं आहेच. जोडीत फक्त वरचढ कोण हे पाहिलं जातं, कितीनं ते नाही. सातास शून्य आणि सातास सहा, दोन्हींना एकच गुण. आणि जिथे बहुतेक लोक एकदाही पडत नाहीत तिथे शून्य-शून्य अशा जोड्यांचा ढीग पडतो, ज्यांच्याबद्दल हा आकडा गप्प राहतो.

क्रम बरोबर लावणं हे एक काम आणि आकडा बरोबर सांगणं हे दुसरं. चाचणीनं ज्यांना 'वर्षाला २ वेळा' सांगितलं ते सरासरी खरंच दोनदा पडले का? क्रम अगदी बरोबर लावून प्रत्येकाचा धोका दुप्पट सांगणारी चाचणी सी-इंडेक्समध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवू शकते. घरी रात्री सोबतीला माणूस ठेवायचा की नाही हे ठरवताना क्रमाचा उपयोग नसतो, तिथे आकडाच लागतो.

रुग्णालयातला पिवळा पट्टा

मोठ्या रुग्णालयात दाखल झालं की परिचारिका काही प्रश्न विचारून गुण मांडते. त्यासाठीची फार वापरली जाणारी पट्टी कॅनडातल्या जॅनिस मॉर्स यांनी १९८९ मध्ये मांडली. नुकतंच पडला असाल तर २५ गुण, सलाईन चालू असेल तर २०, चालताना फर्निचर धरावं लागत असेल तर ३०, असे सहा प्रश्न आणि जास्तीत जास्त १२५ गुण. बऱ्याच ठिकाणी ४५ ला धोक्याची रेघ असते. काही दिवसांपूर्वी पडलेल्या माणसाला नुसती सलाईन लावली की तो रेघेवर पोचला. आजारी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात मग जवळपास सगळ्यांच्याच मनगटावर धोक्याचा पट्टा येतो, आणि सगळ्यांकडे जादा लक्ष देणं म्हणजे कुणाकडेच न देणं.

इथे अचूकता मोजणं आणखीच बिकट. पट्टा बसला म्हणून कठडे वर केले, बेल हाताशी ठेवली, संडासला नेताना माणूस सोबत दिला आणि रुग्ण पडला नाही. चाचणी चुकली की कामाला आली? नोंदीत ती चुकलेलीच दिसणार. या आणि अशा अडचणींमुळे इंग्लंडच्या 'नाइस' या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या संस्थेनं २०१३ मध्ये साफ सांगितलं की रुग्णालयात पडण्याचं भाकीत करायला गुणांच्या पट्ट्या वापरू नका. ६५ च्या पुढचे सगळे दाखल रुग्ण धोक्यात आहेत असंच धरा आणि ज्याचं जे कारण असेल ते दुरुस्त करा. पुढे ऑस्ट्रेलियात १० रुग्णालयांत प्रयोग झाला, काही ठिकाणी गुणांची बेरीज काढून टाकली आणि परिचारिकांच्या निर्णयावर भर दिला. पडण्याचं प्रमाण वाढलं नाही. परिचारिकेचा वेळ मात्र वाचतो.

कुठल्याही नव्या चाचणीला, मग ती मनगटी घड्याळातली असो की कॅमेऱ्यातली, लावण्याजोगी कसोटी एकच प्रश्न विचारून मिळते: 'गेल्या वर्षी पडला होतात का, आणि किती वेळा?' आधी पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते आणि हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. चाचणीनं या उत्तरापलीकडे काय भर घातली ते दाखवावं. बऱ्याच चाचण्यांच्या गुणांत हे उत्तर आधीच मिसळलेलं असतं. ते बाजूला काढलं की उरलेलं फार थोडं निघू शकतं. २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही सुरुवात अशाच प्रश्नांनी करायला सांगितली आहे: वर्षात पडलात का, उभं राहताना किंवा चालताना डगमगतं का, पडण्याची भीती वाटते का.

आपल्याकडे १३.५ सेकंदांची रेघ जशीच्या तशी उचलण्याबद्दल मला आणखी एक शंका आहे. ती खुर्चीवरून उठण्याची रेघ आहे. सतरंजीवर जेवायला बसणाऱ्या, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणाऱ्या आजींचा तोल जातो तो जमिनीवरून उठताना, ओल्या मोरीत, उंबऱ्याशी. खुर्चीची चाचणी त्या क्षणाबद्दल काही सांगत असेलही, पण ते इथल्या माणसांवर वर्षभर नोंद ठेवूनच कळेल.

अशी नोंद ठेवायला संशोधकच लागतात असं नाही. परदेशी अभ्यासांत पडण्याच्या नोंदीसाठी घरोघरी महिन्याचं कॅलेंडर देतात. आपल्या स्वयंपाकघरात ते आधीपासून लटकलेलं आहे, दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख त्याच्यावरच असते. पडल्याच्या तारखेवर एक खूण करावी आणि शेजारी दोन शब्द: कुठे, काय करताना. लागलं नसलं तरी. डॉक्टरांकडे जाताना ते पान न्यावं, सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. 'अधूनमधून पडतात' या वाक्यापेक्षा 'जूनपासून चार वेळा, चारही वेळा रात्री उठून मोरीकडे जाताना' हे वाक्य डॉक्टरांना रात्रीची गोळी आणि उभं राहिल्यावरचं ब्लडप्रेशर तपासायला लावतं.